चौदा महिने उघडा राहिलेला टॅब

ब्राउझर कुठला चांगला, असं लोक मला अजूनही विचारतात. कोरेगावात बाजारपेठेच्या तोंडाला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. फौजेत सिग्नलमध्ये चोवीस वर्षं काढली, हवालदार म्हणून बाहेर पडलो आणि गावी येऊन ऊस लावायच्या ऐवजी हे दुकान टाकलं. नाव कोंडीबा, पण सगळे फौजीच म्हणतात. आता कुणी ब्राउझरचं विचारलं की मी सांगतो, आहे तोच वापरा आणि मला कामाला लागू द्या. गिऱ्हाईक बिचकतं. बिचकेना का.

पूर्वी मी कुणी विचारायची वाटही बघत नव्हतो. दोनशेपानी वही होती माझ्याकडे. त्यात तीन ब्राउझरांची सगळी अंडीपिल्ली लिहिलेली. त्यांची नावं घेत नाही, कारण प्रत्येकाचे भक्त आहेत आणि ते भांडायला दुकानापर्यंत येतात. मी त्यांना थोरला, मधला आणि धाकटा म्हणायचो. थोरला जवळजवळ प्रत्येक मशीनवर असतो. चालतो झकास, कुठलीच साईट त्याला अडत नाही, पण खाणं राक्षसी. दहा टॅब उघडले की दहा जणांना दहा खोल्या आणि दहा ताटं. चार जीबी रॅमच्या मशीनवर दीड जीबी तो एकटा गिळतो. मधला जरा शहाणा. ज्या टॅबकडे आपण बघत नाही त्याला झोपवून जागा मोकळी करतो. धाकटा सगळ्यात कमी खातो, जाहिराती अडवतो, पण बँकेची साईट दिसली की रुसून बसतो. तेच मशीन, त्याच दहा साईट, असं धरून मी तिघांना मोजायचो आणि आकडे वहीत उतरवायचो. बायको म्हणायची, "आवं, रॅम काय तुमच्या बापाची हाय का? खाऊ द्या की त्याला." तिला काय सांगणार? मला त्यात आनंद होता, एवढंच.

प्रियदर्शनी माझी एकुलती एक मुलगी. शिरवळला एका कंपनीत इंजिनियर आहे. शिकली सांगलीला. तिथं तिच्या वर्गात अतिशय नावाचा मुलगा होता, हळदीचे व्यापारी मदन चौगुले यांचा. तोही एकुलताच. शिरवळच्या कंपनीत जागा निघाली तेव्हा तिनंच त्याला कळवलं. मुलाखतीच्या दिवशी तो पहाटे मोटारसायकलवरून निघाला आणि कराडच्या अलीकडे ट्रकनं त्याला उडवलं. प्रियू दोन महिने माझ्याशी धड बोलली नाही. दोघांची नुसती मैत्री होती का आणखी काही, हे मी विचारलं नाही. बापाला काही गोष्टी न विचारताही दिसतात.

त्यानंतर वर्ष उलटून गेल्यावर, माघात, तिचा फोन आला. "पप्पा, एक काम हाय. न्हाई म्हणू नका. सांगलीला अतिशयच्या आईचं, काकूंचं मशीन सारखं अडकतंय. त्यात अतिशयचा आवाज हाय."

मग तिनं सगळं सांगितलं. मुलाखतीच्या आदल्या दिवशी अतिशयनं सरावाची एक साईट उघडली होती. पडद्यावर प्रश्न येतो, आपण माईकवर उत्तर बोलायचं, आपलं आपण ऐकायचं, आणि पटलं तर पुढं पाठवायचं. तो बोलला, पण पाठवलं नाही. म्हणजे तो आवाज साईटकडे गेला नाही, मशीनच्या डिस्कवरही उतरला नाही. तो होता फक्त त्या एका उघड्या टॅबमध्ये, रॅममध्ये. टॅब बंद केला की गेला, वीज गेली की गेला. हे प्रियूच्या ध्यानात आलं तेव्हा तिनं काकूंना बजावलं होतं की हे मशीन कधीच बंद करायचं नाही. मदन चौगुल्यांनी त्यासाठी घरात इन्व्हर्टर बसवला, वर एक जादा बॅटरी. ब्राउझर अपडेट मागायचा आणि काकू रोज 'नंतर' दाबायच्या. चौदा महिने असं चाललं होतं. मशीनला त्या कुणाला हात लावू देत नव्हत्या, पण आता ते दहा-दहा मिनिटं गोठायला लागलं होतं आणि त्या घाबरल्या होत्या.

"तू का जात न्हाईस?" मी म्हणालो.

"मला न्हाई ऐकवणार, पप्पा." मग म्हणाली, "आधी आवाज उतरवून घ्या. मग बाकीचं काय ते करा. आधी आवाज."

हे तिनं दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा मी 'व्हय' म्हणालो.

सांगलीत गावभागात त्यांचं घर. मी पोचलो तेव्हा साडेतीन झाले होते. अतिशयच्या आईनं, चंदनबालावहिनींनी दार उघडलं. ठेंगण्या, सुती लुगडं, चष्म्याला दोरी. "या भाऊ. प्रियाचे पप्पा न्हवं? उन्हाचं आलासा, पाणी घ्या." पोराची खोली जशीच्या तशी ठेवली होती, पण तिचं देऊळ केलेलं नव्हतं. कॉटवर हळदीची रिकामी पोती घडी घालून ठेवली होती. टेबलावर मशीन, स्क्रीनवर भरतकामाचं फडकं.

"आधी ऐकवते," त्या म्हणाल्या. त्यांनी फडकं काढलं आणि माउस असा धरला, की मी इतकी वर्षं लोकांना शिकवतोय तरी इतकं जपून माउस धरणारं कुणी बघितलं नव्हतं. बटण दाबलं. मशीननं बराच वेळ घेतला. मग पोराचा आवाज आला.

सत्तेचाळीस सेकंद. घसा खाकरला. माय नेम इज अतिशय चौगुले, आय ॲम फ्रॉम सांगली. मग शिक्षण, मग कुठलासा प्रोजेक्ट. मध्येच एक वाक्य चुकलं, स्वतःशीच 'च्च' केलं आणि परत म्हटलं. शेवटी लांबून, बहुतेक स्वयंपाकघरातून, बाईचा आवाज, "अतिशय, ताट वाढलंय रं!" आणि तो माईक चालू आहे हे विसरून म्हणाला, "आलो गं आई. दोन मिंटं." तिथं संपलं.

"त्या इंग्रजीतलं मला काय कळत न्हाई, भाऊ," वहिनी म्हणाल्या. "शेवटाला माझ्याशी बोलतोय, तेवढं मला बास हाय. सकाळी बस्तीतनं देवदर्शन करून आले की एकदा लावते. एकदाच. जास्त न्हाई."

"आणि मदनराव?"

"त्यांनी एकदाबी ऐकला न्हाई. मी बस्तीतनं यायच्या आत दुकानला जात्यात. जमत न्हाई म्हणत्यात." त्यांनी फडक्याची घडी घातली. "तेवढं अडकायचं थांबवा. त्याला धक्का लावू नका, मग बाकी काय बी करा."

खुर्चीत बसल्यावर मी काय करायला हवं होतं, हे शेंबडं पोरही सांगेल. मोबाईल माझ्या खिशात होता. रेकॉर्डिंग लावून स्पीकरजवळ धरायचा आणि परत एकदा बटण दाबायचं. एका मिनिटाचं काम. पण मला ते गावठी वाटलं. खोलीतला पंखा त्यात येणार, मशीनची घरघर येणार. आपण सिग्नलवाले, आपण असलं खरखरीत काम करायचं? मला आवाज स्वच्छ उतरवायचा होता. त्यासाठी एक प्रोग्राम टाकावा लागणार होता, आणि मशीनची रॅम शंभरातली शहाण्णव भरलेली. म्हणून म्हटलं, आधी मशीन हलकं करू. हे कारण खोटं नव्हतं. पण खरं कारणही ते नव्हतं. खरं कारण माझ्या पिशवीतल्या वहीत होतं. इतकं जुनं, चौदा महिने बंद न झालेलं मशीन मला परत कुठं मिळणार होतं? तिघं भाऊ याच्यावर कसे वागतात, हे मला बघायचं होतं. थोरला तिथं आधीच होता, अतिशयचा टॅब त्याच्यातच. मी मधला आणि धाकटा टाकले.

फालतू चालणारी कामं बंद केली तशी थोडी जागा झाली, मशीन चालायला लागलं आणि मला चेव आला. तिघांमध्ये दहा-दहा टॅब उघडले. वहिनी मागं येऊन उभ्या राहिल्या. "हे काय हो, भाऊ?"

मग मी त्यांना व्याख्यान दिलं. कोण किती खातो, कोण टॅब झोपवतो, कोण जाहिराती अडवतो. त्यांना मशीनवर हवं होतं काय, तर एक बटण. आणि मी त्यांना तीन ब्राउझरांतला फरक समजावत होतो. त्या मान हलवत होत्या, पाहुण्याचा मान राखावा म्हणून.

पावणेसहाला मदनराव आले. उंच, वाकलेले, बोटं हळदीनं पिवळी. नमस्कार झाला. पाठोपाठ वहिनी दारात. "उठा भाऊ. आमच्यात दिवस मावळायच्या आत जेवाय लागतं. ताटं वाढल्यात. राहिलेलं मागनं करा."

जैनाच्या घरी हा नियम मोडत नाही, आणि पाहुणा बसला नाही तर घरातलेही उपाशी राहतात, हे मला ठाऊक होतं. उठणं भाग होतं. पण उठताना मी उघडलेले टॅब बंद करायला हवे होते. मधल्याचा आकडा अजून वर चढत होता. तो स्थिर झाल्याशिवाय वहीत लिहिला तर मोजमाप खोटं ठरलं असतं. म्हणून मी सगळं तसंच चालू ठेवलं आणि हात धुवायला गेलो. माझ्या वहीतला एक आकडा खोटा पडू नये म्हणून.

भाकरी, मुगाची आमटी, दोडक्याची भाजी, ताक. कांदा-लसूण नाही, तरी इतकं चवीचं मी क्वचित जेवलोय. मदनरावांनी फौजेचं विचारलं. लेहची थंडी, रेडिओचे सेट, मी सांगत होतो. ते ऐकत होते की नाही कोण जाणे. मध्येच भाकरीचा तुकडा हातात धरून ते म्हणाले, "फौजी, आज मी ऐकीन म्हणतो."

वहिनींचा वाढता हात थांबला.

"तुमी हायसा तवर ऐकतो," ते माझ्याकडं न बघता म्हणाले. "एकट्याला धीर व्हत न्हाई. आन् हिच्यासमोर मला..."

वहिनींनी पदरानं चष्मा पुसला. चौदा महिन्यांत पहिल्यांदा त्यांना तो आवाज ऐकायला सोबत मिळणार होती. त्यांनी मला आणखी एक भाकरी वाढली, नको म्हटलं तरी वाढली, आणि मला वाटलं, आपण आलो ते किती बरं झालं. असं वाटलं होतं मला. खोटं कशाला सांगू.

आम्ही तिघं खोलीत गेलो. मदनराव पोती सरकवून कॉटवर बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर. वहिनी खुर्चीत. त्यांनी अतिशयच्या टॅबवर नेऊन बाण ठेवला आणि दाबलं.

पान पांढरं झालं. मध्ये एक गोल फिरला. मग पान आलं, अगदी नवंकोरं. वर प्रश्न, खाली लाल माईक, आणि त्याच्या शेजारी शून्य मिनिटं शून्य सेकंद.

मला त्याच क्षणी कळलं. रॅम पार संपायला आली की ब्राउझर जुना, बराच वेळ न बघितलेला टॅब आतून रिकामा करतो. वर नाव दिसतं, चित्र दिसतं, आत काही नसतं. त्यावर दाबलं की तो तीच साईट पहिल्यापासून आणून देतो. बातम्यांचं पान असेल तर कुणाला समजतही नाही. इथं आणून द्यायला दुसरीकडं काहीच नव्हतं. हे मला ठाऊक होतं. माझ्याच अक्षरात, वहीच्या पाचव्या पानावर लिहिलेलं होतं. तीस टॅब मी उघडले होते. ते भरत राहिले, आम्ही जेवत राहिलो, आणि अतिशयचा आवाज त्यांना जागा करून देत गेला.

वहिनींनी परत दाबलं. मग परत. "येतंय, जरा वेळ लागतो," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

मी त्यांना उठवून खुर्चीत बसलो. अर्धा-पाऊण तास काहीबाही करत राहिलो. काही मिळणार नाही हे माहीत असून हात हलवत राहिलो, कारण हात थांबले की बोलावं लागलं असतं. मदनराव तसेच बसून होते. शेवटी ते उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "असू द्या, फौजी." आणि बाहेर गेले. अंगणात त्यांनी नळ सोडल्याचा आवाज आला. तो बराच वेळ चालू होता.

वहिनी रडल्या नाहीत. त्या स्क्रीनकडं बघत होत्या. मग त्यांनी विचारलं, "भाऊ, मी रोज लावत हुते म्हणून झिजला का?"

झिजत नाही, वहिनी. हजार वर्षं लावला असता तरी झिजला नसता. एवढंच म्हणायचं होतं. त्यापुढचं, माझ्यामुळं गेला, हे सांगायची छाती नव्हती तर निदान एवढं तरी. मी वही पिशवीत घातली आणि म्हणालो, "जुन्या मशीनचं असंच असतं."

त्यांनी मान हलवली.

त्या रात्रीच्या एसटीत मी माणसात नव्हतो. प्रियूला फोनवर सांगितलं की मी जायच्या आधीच आतून सगळं गेलेलं होतं. ती फक्त 'बरं' म्हणाली. दुसऱ्या दिवशी वही बंबात घातली आणि त्या पाण्यानं आंघोळ केली. बायकोनं विचारलं, काय झालं? मी तिच्यावर खेकसलो. सात महिने मी सगळ्यांवर खेकसत होतो.

गणपती गेले. त्यानंतर दोन दिवसांनी सकाळी दुकानात फोन वाजला. नाव बघून मी उचलावा की नको असा थांबलो.

"भाऊ, उत्तम क्षमा," वहिनी म्हणाल्या. "आमची क्षमावाणी हाय आज. वर्षात कुणाला कळत-नकळत दुखवलं असलं तर माफी मागायची असती. तुमास्नी लय तरास दिला मी. इतक्या लांबनं बोलावलं, आन् मशीन आधीच मी खराब करून ठेवलं हुतं. मला क्षमा करा."

"तसं काय न्हाई, वहिनी."

"न्हाई कसं? मलाच मोह सुटला न्हाई. रोज एकदा म्हणायची, पण दोन-चारदा दोनदाबी लावला, खोटं कशाला बोलू. आता त्या वेळेला मी मौन धरते. नियमच घेतलाय, जलमभराचा. माझं काय न्हाई, भाऊ. ह्यांच्या वाट्याला एकदाबी आला न्हाई, ह्याचं वाईट वाटतंय. बापाचा वाटा बी मीच संपवला."

दुकानात दोन गिऱ्हाईकं उभी होती. त्यांना मी हातानंच बाहेर काढलं आणि शटर अर्धं ओढलं. मग सांगितलं. सगळं सांगितलं. तीस टॅब, वही, मधल्याचा आकडा, खिशातला मोबाईल, प्रियूनं दोनदा बजावलेलं. आवाज झिजत नसतो हे सांगितलं, आणि त्या दिवशी हे ठाऊक असून बोललो नाही हेही सांगितलं. चोवीस वर्षं वायरलेसवर बोललेला माणूस मी, आणि मला धड वाक्य जुळवता येईना. शेवटी म्हणालो, "वहिनी, मला माफ करा."

फोन कटला की काय म्हणून मी दोनदा बघितलं. सेकंद पुढं जात होते.

मग त्या बोलल्या. अगदी हळू. "आज क्षमावाणी हाय, भाऊ. आज कुणाला न्हाई म्हणता येत न्हाई. आज म्हणलेलं खरं का खोटं, माझं मला कळायचं न्हाई. तुमी उद्या इचारा."

त्या रात्री मी प्रियूलाही फोन लावायला घेतला आणि ठेवून दिला. आमच्यात असा दिवस नसतो, की त्या दिवशी समोरच्याला नाही म्हणता येत नाही.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता मी सांगलीला फोन केला. वहिनींनी लगेच उचलला. नमस्कार नाही, काही नाही. मी म्हणालो, "वहिनी, इचारायला फोन केलाय."

त्यांचा श्वास ऐकू येत होता. मागं कुठंतरी भांडं पडलं. मग लांबून मदनरावांचा आवाज आला, "कोण हाय गं?"

मी फोन कानाशी घट्ट धरला होता.

"कोण न्हाई," वहिनी म्हणाल्या, आणि फोन ठेवला.